चोर सोडून पंपाला फाशी
वाचकांचे प्रश्न, तंत्रज्ञांची उत्तरे

या वेळी आलेली बरीच पत्रे एकाच विषयावरची आहेत: जुन्या मर्सिडीजमधली हवेवर चालणारी कुलपे आणि अलगद ओढून बंद होणारी दारे. या गाड्यांत प्रत्येक दारात मोटर नसते. एकच विजेचा पंप बारीक नळ्यांतून दाब किंवा व्हॅक्यूम पाठवतो आणि दाराच्या आतला रबरी पडद्याचा ॲक्च्युएटर कुलूप वरखाली करतो. पंप आणि त्याचे इलेक्ट्रॉनिक सर्किट एकाच डब्यात असते. गराजमध्ये त्या डब्याला ‘पीएसई’ म्हणतात.

प्रश्न : माझी एस-क्लास (डब्ल्यू १४०) १९९४ची आहे. लॉक केले की डिकीतून अर्धा मिनिट घरघर येते आणि मग बंद होते. दारे रेंगाळत लॉक होतात, मागचे डावे दार तर होतच नाही. गराजवाले म्हणतात पंप गेला, नवा टाका. टाकावा का? (पुणे)

एवढ्यावरून तरी नको. पंप घरघरतोय म्हणजे तो जिवंत आहे. तंदुरुस्त गाडीत लॉक केल्यावर पंप दोन-तीन सेकंद वाजतो, नळ्यांत पुरेसा दाब धरला गेला की सर्किट त्याला थांबवते. दाब धरलाच गेला नाही तर तो धावत राहतो आणि शेवटी सर्किटमधला टायमर त्याला तोडतो. तुमचे ‘अर्धा मिनिट’ ते हेच. कुठेतरी गळती आहे. अशा गाडीत नवा पंप टाकला तर तोही अर्धा-अर्धा मिनिट धावेल, तापेल आणि वर्षभरात त्याच्याही मोटरचे कार्बन ब्रश झिजतील. जुना पंप अशाच कारणाने थकलेला असू शकतो, पण गळती आधी आणि पंप नंतर, हा क्रम सोडू नका.

पहिली तपासणी कानाने करा. डब्ल्यू १४०मध्ये हा एक पंप बरीच कामे करतो, त्यामुळे तो *कधी* जास्त वाजतो त्यावरून गळती कुठल्या शाखेत आहे ते कळते. फक्त लॉक-अनलॉक करताना लांबला तर कुलपांची शाखा. दार अर्धवट लावल्यावर लांबला तर सॉफ्ट-क्लोजची, म्हणजे दारे अलगद ओढणारी. रिव्हर्स गिअर टाकल्यावर लांबला तर मागच्या कोपऱ्यांवर वर येणाऱ्या दोन काठ्यांची. (या काठ्या १९९५च्या सुमारास गेल्या आणि पार्कट्रॉनिक, म्हणजे पार्किंगचे सेन्सर, आले. तुमच्या गाडीत त्या असणार.) हवेच्या पिशव्यांची सीट असेल आणि पाठीचा आधार फुगवताना पंप थांबत नसेल, तर सीटमधली पिशवी फुटली आहे. डिकी उघडल्यावर बाहेर येणारे हँडल आणि मागची खाली पडणारी हेडरेस्ट हेही याच पंपाचे ग्राहक, त्यांना विसरू नका.

तुमच्या वर्णनावरून कुलपांची शाखा दिसते, आणि संशयित मागचे डावे दार. तरी खात्री करून घ्या. डिकीतले अस्तर काढा, फोमच्या दोन भागांत बसवलेला पंप अलगद बाहेर घ्या. नळ्या काढण्याआधी फोटो काढा आणि प्रत्येक नळीला कागदी चिकटपट्टीचा नंबर लावा. नळ्यांवर रंगीत रेघा असतात खऱ्या, पण तीस वर्षांनी पिवळी आणि पांढरी सारखीच दिसते.

आता पंपाच्या तोंडांना एकेक करून बूच मारा. बूच म्हणजे घट्ट बसणारी रबरी टोपी, किंवा आखूड रबरी नळी आणि तिच्या दुसऱ्या टोकाला स्क्रू. मूळची नळी दुमडून पक्कड लावू नका, ती नायलॉनची आहे आणि जिथे दुमडाल तिथे तडकेल. प्रत्येक वेळी ड्रायव्हरच्या दाराला किल्ली फिरवून लॉक करा. (किल्ली खिशातच ठेवा. डिकीत विसरून झाकण पडले, तर वेगळे पत्र लिहावे लागेल.) ज्या तोंडाला बूच मारल्यावर पंप दोन-तीन सेकंदांत थांबतो, गळती त्या शाखेवर.

कुलपांची शाखा पुढे टी-जोडांवरून चारही दारे, डिकी आणि पेट्रोलच्या झाकणापर्यंत फुटते. इथून पुढे हाताने चालवायचा व्हॅक्यूम पंप लागतो. हे काटा असलेले साधे हत्यार आहे आणि ब्रेकचे काम करणाऱ्यांकडे हमखास असते. टी-जोडापाशी दाराकडे जाणारी नळी त्याला जोडा आणि काटा पाऱ्याच्या १५ इंचांपर्यंत, म्हणजे साधारण अर्ध्या बारपर्यंत खेचा. एक मिनिट थांबा. काटा हलला नाही तर ते दार निर्दोष. पडला तर दाराचे पॅनेल काढून हीच तपासणी थेट ॲक्च्युएटरच्या तोंडावर करा. इथे काटा थांबला तर नळी दोषी, इथेही पडला तर आतला पडदा फाटलाय.

नळी सर्वांत जास्त तुटते ती खांब आणि दार यांच्यामधल्या रबरी भात्यात, कारण दार उघडताना तिथेच ती वाकते. दुसरी जागा म्हणजे टोकाचे रबरी कोपर. ते कडक होऊन चिरतात आणि चीर नळीखाली दडलेली असल्यामुळे डोळ्यांना दिसत नाही, बोटाने पिळल्यावरच उघडते. फाटके कोपर बदला. नळी तडकली असेल तर तडकलेला भाग सरळ कापून घट्ट रबरी जोड घाला, दोन्ही टोके किमान दीड सेंटिमीटर आत जायला हवीत. भात्याच्या आत मात्र जोड देऊ नका, तिथे पूर्ण तुकडा बदला. इन्स्टंट गोंद आणि एम-सील नायलॉनवर टिकत नाहीत. मत्स्यटाकीची सिलिकॉन नळीही नको, व्हॅक्यूम लागला की तिच्या भिंती चिकटतात आणि हवा अडते.

फाटलेल्या पडद्याला ठिगळ लावणारे कारागीर आहेत. दोन-चार महिने चालते. दाराचे पॅनेल पुन्हा काढायची मेहनत धरली तर नवा ॲक्च्युएटरच स्वस्त पडतो.

प्रश्न : एस-क्लास डब्ल्यू २२०. चारही दारे रिमोटने नीट लॉक होतात, पण पुढचे उजवे दार अलगद ओढले जात नाही, आपटावे लागते. बाकी तीन दारे व्यवस्थित. (ठाणे)

तीन दारे ओढली जातात म्हणजे पंप, फ्यूज, सर्किट यांकडे पाहायची गरज नाही. दोष बहुधा त्या दारातच आहे.

दाराच्या खटक्याला दोन टप्पे असतात. दार टेकवले की खटक्यातला आकडा पहिल्या टप्प्यावर अडकतो, तिथला मायक्रोस्विच पीएसईला कळवतो, पीएसई त्या दाराच्या ओढणाऱ्या ॲक्च्युएटरकडे हवेची वाट मोकळी करतो आणि दार दुसऱ्या टप्प्यावर जाते. दार हलकेच पहिल्या टप्प्यावर आणून ठेवा आणि डिकीपाशी कुणाला तरी कान देऊन उभे करा. पंप सुरू झाला आणि दार ओढले गेले नाही, तर हवा पोहोचत नाही किंवा दार यांत्रिकदृष्ट्या अडतेय. पंप सुरूच झाला नाही, तर निरोपच गेला नाही: मायक्रोस्विच, त्याची वायर, किंवा पहिल्या टप्प्यापर्यंत न पोहोचणारा आकडा.

दुसरी शक्यता आमच्या पाहण्यात जास्त आहे, आणि तिचे कारण बहुतेक वेळा खटक्यातले वाळलेले ग्रीस असते. दार उघडे ठेवून स्क्रूड्रायव्हरने आकडा दोन टप्प्यांत दाबून बंद करा. प्रत्येक टप्प्याला स्पष्ट ‘टक’ यायला हवे. गिळगिळीत वाटले तर ब्रेक क्लीनर आणि टूथब्रशने साफ करा, वाळू द्या, मग पांढऱ्या लिथियम ग्रीसचा पातळ थर. गंज सोडवणारा स्प्रे हे वंगण नव्हे, तो चार आठवड्यांत उडून जातो आणि जाताना उरलेले ग्रीसही घेऊन जातो. ही तपासणी झाल्यावर दाराचे हँडल ओढून आकडा उघडा, आणि मगच दार लावा. बंद आकड्यावर दार आपटले तर खटका आणि खांबावरचा स्ट्रायकर (खटका ज्यात अडकतो ती कडी) दोन्ही वाकतात.

पंप वाजतोय पण दार येत नाही, असे निघाले तर आधी हँडल ओढून धरा आणि दार हाताने दाबून पाहा. रबर जास्त फुगलेले असेल किंवा बिजागरी उतरली असेल तर हातालाही जोर लागेल. स्ट्रायकरभोवती पेन्सिलीने रेघ मारा, बोल्ट सैल करा, एका वेळी एक मिलिमीटरच सरकवा. त्याहून जास्त लागत असेल तर दोष स्ट्रायकरचा नाही, बिजागरीचा आहे. हे सारे ठीक असेल तर वर सांगितलेला व्हॅक्यूम पंप त्या दाराच्या ओढणाऱ्या ॲक्च्युएटरला लावा.

एक सूचना, घरात लहान मुले असतील तर: ओढणाऱ्या दाराला बोट कळत नाही. पहिल्या टप्प्यावर आले की ते येतच राहते.

प्रश्न : पावसाळ्यानंतर डब्ल्यू १४०चा पंप पूर्ण गप्प. फ्यूज चांगला आहे. (रत्नागिरी)

फोम हातात घेऊन पिळा. ओला निघाला तर रोगाचे निदान झाले. हा फोम आवाज दाबण्यासाठी असतो, पण डिकीत पाणी आले की तोच पंपाला ओल्या पंच्यात गुंडाळून ठेवतो.

कनेक्टर काढून वायरिंगच्या बाजूने मोजा. सप्लायच्या पिनवर बॅटरीइतका व्होल्टेज हवा (निरोगी बॅटरीला १२.४ ते १२.६), पण नुसत्या मल्टिमीटरवर विश्वास ठेवू नका. गंजलेल्या वायरीचा एक तार शिल्लक असला तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब सप्लाय आणि अर्थ यांमध्ये लावा आणि तो पेटलेला असताना मोजा. बॅटरीच्या तुलनेत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त घट दिसली तर वायर किंवा अर्थचा नट साफ करायला हवा. बल्ब लख्ख पेटला तर बिघाड डब्याच्या आत आहे.

डबा उघडा. बोर्डावर हिरवट-पांढरी बुरशीसारखी वाढ दिसेल. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने धुवा, पूर्ण वाळवा. मग भिंगाखाली मोटरच्या वायरी आणि कनेक्टरच्या पिना जिथे बोर्डाला जोडल्या आहेत ते सांधे पाहा. मोठा करंट तिथून जातो, आणि पिनेभोवती केसासारखे वर्तुळ दिसले की तो सांधा फुटलेला समजा. जुने सोल्डर शोषून काढा आणि नवे द्या, जुन्यावरच सोल्डरिंग आयर्न टेकवून भागत नाही. तांब्याच्या रेषाच खाल्ल्या गेल्या असतील तर जम्पर वायर टाकता येते, पण आयसीच्या पायांपर्यंत गंज गेला असेल तर बोर्डाचा नाद सोडा.

आणि पाणी कुठून आले ते शोधल्याशिवाय पंप परत बसवू नका. मागच्या दिव्यांची गॅस्केट, डिकीचे रबर, मागच्या काचेची कड, सनरूफच्या मागच्या निचऱ्याच्या नळ्या. अंधारात एक जण टॉर्च घेऊन डिकीत आणि दुसरा बाहेरून पाण्याचा पाइप खालून वर नेत, अशा पद्धतीने अर्ध्या तासात जागा सापडते. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळते आणि काहीच कळत नाही. फोम सावलीत वाळवा, उन्हात त्याचे तुकडे पडतात.

प्रश्न : पंपाची मोटर फिरते, आवाज येतो, पण सगळ्या तोंडांना बूच मारूनही दाब येत नाही. आत काय असते? घरी उघडता येईल का? (कोल्हापूर)

येईल. या पंपात वाल्व्ह-पिस्टन नाहीत. एक गोल रोटर, त्याच्या खाचांत सरकणारी कार्बनची पाती, आणि बाहेर थोडे तिरक्या केंद्राचे कवच. रोटर फिरला की पाती बाहेर फेकली जाऊन कवचाला घासतात आणि हवा एका बाजूने दुसरीकडे ढकलतात. मोटर उलटी फिरवली की दाबाच्या जागी व्हॅक्यूम. मोटर फिरते आणि हवा नाही, याचा अर्थ बहुधा पाते तुटलेय किंवा खाचेत अडकलेय.

पंपाचे झाकण काढताना सगळे उभे धरा, नाहीतर पाती खाली पडतील. प्रत्येक पाते कुठल्या खाचेतले आणि कुठली कड बाहेर, हे मार्कर पेनने खुणा करून ठेवा, कारण झिजलेली कड कवचाच्या आकाराला बसलेली असते. काळी पूड कोरड्या ब्रशने काढा, खाचा अल्कोहोलने पुसा. पाते खाचेत स्वतःच्या वजनाने घसरायला हवे. कड थोडी गोल झालेली चालते, तुकडा उडालेला चालत नाही. कवचाच्या आत नखाला लागेल असा खोल ओरखडा असेल तर नवी पाती टाकूनही दाब पुरेसा येणार नाही.

तेलाचा थेंबही नको. कार्बन स्वतःच वंगण आहे. तेल घातले की पूड त्यात मळते आणि पाती चिकटतात. ‘जरा ऑइल मारून बघू’ या एका वाक्याने या पंपांचा जेवढा जीव घेतलाय तेवढा पावसानेही घेतला नसेल.

जोडल्यावर टेबलावर चाचणी घ्यायची असेल तर मोटरच्या वायरी बोर्डापासून सोडवून घ्या आणि १० अँपिअरच्या फ्यूजमधून १२ व्होल्ट द्या. वायरी बोर्डाला जोडलेल्या ठेवून मोटरला थेट वीज दिलीत तर ती उलटी बोर्डात घुसते. एका तोंडाला व्हॅक्यूमचा काटा लावा. काटा झपाट्याने वर जाऊन स्थिर राहिला तर पंप बरा झाला. पाच-सहा सेकंदांच्या वर चालवू नका.

प्रश्न : नळी चोंदल्यासारखी वाटते. गराजच्या कंप्रेसरने फुंकून काढली तर? (सातारा)

नळी दोन्ही टोकांना सुटी असेल तर फुंका. एका टोकाला ॲक्च्युएटर असेल तर अजिबात नाही. कंप्रेसरच्या टाकीत ६ ते ८ बार असतात, या यंत्रणेचा सगळा खेळ एका बारच्या आसपास चालतो. पडदा त्याच क्षणी फाटेल आणि बाहेर काहीच दिसणार नाही.

प्रश्न : भाऊ दुबईला असतो. शारजाच्या जुन्या पार्ट्सच्या बाजारातून वापरलेला पंप आणता येईल म्हणतो. काय पाहून घ्यायला सांगू? (नाशिक)

तुमच्या पंपावरच्या लेबलचा फोटो त्यांना पाठवा आणि पार्ट नंबर अक्षरासकट जुळला तरच घ्यायला सांगा. एकाच मॉडेलमध्ये सॉफ्ट-क्लोज असलेल्या-नसलेल्या, हवेची सीट असलेल्या-नसलेल्या गाड्यांचे पंप वेगळे असतात. बाहेरून डबा सारखाच दिसतो, तोंडांची संख्या वेगळी निघते. डब्ल्यू २२०चा पंप गाडीच्या इतर कंट्रोल युनिटांशी डेटा लाइनवर बोलतो, त्यामुळे तो बसवल्यावर स्टार डायग्नोसिसवर (मर्सिडीजच्या तपासणी संगणकावर) कोडिंग करून घ्यावे लागते. ते करून देणारा माणूस आधी नक्की करा, पंप नंतर.

दुकानात दोन गोष्टी करता येतात. डबा कानाशी धरून हलवायचा: खुळखुळले तर पाते तुटलेय. आणि कनेक्टरच्या पिना पाहायच्या: हिरवट असतील तर पुढे चला. वाळवंटातल्या गाड्यांत पाण्याचा गंज कमी सापडतो, पण उष्णतेने रबर कडक झालेले असते, तेव्हा पंपाबरोबर रबरी कोपर फुकट मिळाले तरी ते वापरू नका.

प्रश्न : डब्ल्यू २२०. रात्री बंद गाडीतून मधूनच पंपाचा आवाज येतो आणि दोन दिवसांत बॅटरी उतरते. (नागपूर)

एखाद्या दाराचा किंवा डिकीचा मायक्रोस्विच ‘मी अर्धवट बंद आहे’ असा खोटा निरोप पाठवतोय. पंप उठतो, ओढून पाहतो, परत झोपतो.

बॅटरीच्या निगेटिव्ह वायरीत मल्टिमीटर १० अँपिअरच्या रेंजवर ओळीत जोडा (या स्थितीत सेल्फ मारू नका आणि दारे उघडू नका, मीटरचा फ्यूज उडेल). गाडी लॉक करा. सगळी युनिटे झोपायला वेळ लागतो, निदान अर्धा तास द्या. त्यानंतर आकडा ५० मिलिअँपिअरच्या खाली यावा. तो मधूनच उसळी मारत असेल आणि त्याच वेळी पंप वाजत असेल तर आमचा संशय बरोबर. तोवर डिकीच्या खटक्यापासून सुरुवात करा, कारण धूळ त्याच्यावर बसते.

प्रश्न : बीएमडब्ल्यू ७ सिरीजच्या दारांनाही हाच इलाज चालेल का? (पणजी)

नाही. तिथे खटक्याशी जोडलेली विजेची छोटी मोटर दार ओढते, हवा नसते. खटका साफ करण्याचा आणि स्ट्रायकरचा भाग तेवढा लागू पडतो.

प्रश्न : पुण्यात जोडलेली १९९५ची ई २२० (डब्ल्यू १२४). पंप कुठे शोधू? आणि पेट्रोलचे झाकण लॉकच राहिलेय, पेट्रोल पंपावर गाडी उभी आहे! (सोलापूर)

आधी झाकण. डिकीतले उजव्या बाजूचे अस्तर सोडवा. झाकणाच्या मागे एक छोटा ॲक्च्युएटर आणि त्यातून निघालेली पिन दिसेल. पिन बोटाने मागे ओढली की झाकण सुटते. टाकी भरून घ्या.

पंप मागच्या सीटखाली, फोममध्ये आहे. सीटचा खालचा भाग पुढच्या कडेच्या क्लिपा दाबून वर उचलला जातो. या गाडीत सॉफ्ट-क्लोज नाही, त्यामुळे तपासणी सोपी: लॉक करताना व्हॅक्यूम, अनलॉक करताना दाब, बाकी काही नाही. लॉक करताना पंप लांबतो का ते ऐका आणि सर्वांत आधी त्याच झाकणाच्या ॲक्च्युएटरची नळी काढून तिला बूच मारा. पंप लगेच थांबू लागला, तर बदलायचा भाग तुमच्या हातातच आहे.